वळणावरची वानरं

माझ्या आबांनी जन्मभर वानरांना गोफणीनं दगड मारले, आणि तोवर घाटातली वानरं सुखानं नांदली. आम्ही त्यांना देव म्हणून फुटाणे चारले, आणि आता बोटावर मोजण्याइतकी उरलीत. हे मी कुणाच्या तोंडावर बोलले की माणसं रागावतात. रागावू द्यात. धारूरच्या घाटात वळणावर माझं चहाचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड आणि दोन बाकडी. सगळं माझ्या डोळ्यादेखत घडलंय, आणि सुरुवात माझ्याच हातून झालीय. त्यामुळं मला कुणी शहाणपण शिकवायला येऊ नये.

आबा, माझे वडील, शेळ्या राखायचे. लहानपणी मी त्यांच्यामागं डोंगरात जायची. शेळ्या चारायची त्यांची एक रीत होती. सकाळी आधी कान द्यायचा, वानरं कुठं हायत ते ऐकायचं, आणि शेळ्या त्याच झाडांखाली न्यायच्या. वानर खातं थोडं आणि सांडतं लई. वरून पळसाचा कोवळा पाला, चिंचेचे आकडे, पिंपरणीची फळं टपाटपा पडायची आणि खाली शेळ्यांची चंगळ. वर टेहळणी फुकट. बिबट्या किंवा लांडगा दिसला की वानरं घसा खरवडल्यासारखं खक् खक् करायची, आणि ते ऐकून आमच्या शेळ्या पण एका जागी गोळा व्हायच्या. आबांना उठावंसुद्धा लागायचं नाही.

"आपली मजुरीची माणसं हायती ती," आबा म्हणायचे. "वरलं काम त्यांच्याकडं."

पण तीच वानरं डोंगर उतरून ज्वारीत नाहीतर वाटेवर आली की आबा कमरेची गोफण सोडायचे. दगड अंगावर मारायचे नाहीत, शेजारच्या खडकावर असा सटकन वाजवायचे की सगळा कळप शेपट्या वर करून डोंगरात. मी विचारलं, "आबा, मारुती असतो ना तो? पाप लागतंय की."

"मारुतीला सांग मग डोंगरात ऱ्हा म्हणून! भ्या असलं म्हणजे जगतंय ते. पोट बघितलंस का त्येचं? पाल्याचं पोट हाय, शेळीवानी. भाकर खाऊन सडतंय."

त्यांनी ते खरंच पाहिलं होतं. बिबट्यानं फाडलेलं एक वानर त्यांना ओढ्यात सापडलं होतं. आत शेळीच्या पोटासारखेच कप्पे आणि हिरवा लगदा. बाकी शाळा त्यांची काहीच नव्हती, पण वानरांच्या घरातलं त्यांना सगळं ठाऊक होतं. कळपात मोठा नर एकच, त्याला आम्ही हुप्प्या म्हणतो. बाकी सगळ्या बाया. आई, लेक, मावशी, बहिणी, जन्मभर त्याच डोंगरात. लेकी माहेरीच राहायच्या आणि ल्योक वयात आले की हाकलून दिले जायचे. ते पलीकडच्या डोंगरावर टोळीनं भटकत बसायचे, इकडच्या हुप्प्याचे दिवस कधी भरतात त्याची वाट बघत. काळंभोर नवं पिल्लू जन्मलं की सगळ्या बाया ते आईकडून मागून घ्यायच्या, छातीशी धरायच्या, वास घ्यायच्या, पुढचीकडं द्यायच्या. बाळंतिणीच्या घरी शेजारणी करतात तसं.

एकदा पलीकडच्या टोळीतल्या एकानं आमच्या म्हाताऱ्या हुप्प्याला पळवून लावलं. नंतर चार-सहा दिवसांत त्यानं कळपातली तान्ही पिल्लं एकेक करून मारली. मी दहा वर्षांची असेन. एक आई मेलेलं पिल्लू पोटाशी धरून या झाडावरून त्या झाडावर फिरत होती, पार वाळून चामडं होईपर्यंत. मी रडून रडून बेजार झाले. आबा म्हणाले, "रडू नगं माय. त्येला त्याची लेकरं पायजेत, म्हणून करतंय. लई वर्षांनी एकदा होतंय असं. परत भरतोय कळप."

लई वर्षांनी एकदा. तेवढं लक्षात ठेवा.

पुढं लग्न झालं, गावातच दिलं मला. बारा हंगाम आम्ही नवरा-बायकोनं ऊसतोडीला कोयता चालवला. मग आमच्या मालकांच्या, नवऱ्याच्या, मणक्यानं दगा दिला. डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीची फळी चढायचं माणसाचं संपलं. तेव्हाच घाटातला रस्ता मोठा होत होता, म्हणून वळणावर शेड टाकलं.

पहिल्याच वर्षी थोटी भेटली. बारकं मादी पिल्लू होतं. विजेच्या तारेला धरलं आणि डावा हात मनगटापासून झडला. जगेल असं वाटलं नव्हतं, पण जगलं. मोठी वानरं शेंड्यावर जायची आणि ही बया खाली बुंध्याशी बसायची. एका हातानं फांदी धरावी का पाला ओरबाडावा? मला बघवलं नाही. मी भाकरीचा तुकडा ठेवला. दुसऱ्या दिवशी फुटाणे. आठवड्याभरात ती शेडच्या पायरीवर येऊन उरलेला हात पुढं करायला लागली. काळा, ऊन ऊन, लेकराच्या हातासारखा मऊ हात. मला मूलबाळ नाही. आता तेही सांगून टाकते, नाहीतर म्हणाल बाईला एवढं काय पडलं होतं.

आबा शेळ्या घेऊन खाली आले आणि त्यांनी ते बघितलं.

"कावून देती तिला?"

"थोटी हाय आबा. मरंल की."

"मरू दे मंग! एक मरंल. आता समदी खाली येतील, बघ."

किती राग आला मला त्यांचा! दगडाच्या काळजाचा म्हातारा, असं मी मनात म्हटलं.

थोटी खाली म्हणून तिची आई खाली, आई खाली म्हणून मावश्या खाली, आणि सगळ्या बाया रस्त्यावर म्हणून हुप्प्यालाही यावं लागलं. एका शनिवारी सकाळी सिरसाळ्याकडनं आलेल्या ट्रकनं त्याला माझ्या शेडसमोर उडवलं. तसा तो बसल्यासारखाच पडला होता, तोंडातून थोडंसं रक्त.

शनिवार, आणि मारुतीच्या जातीचं मरण. गाव लोटलं. आमच्याकडं वानर मेलं की घरचं माणूस गेल्यासारखं करतात. त्याला खुर्चीवर बसवलं, कपाळाला शेंदूर, गळ्यात हार. टाळ-मृदंग आले. त्या दिवशी गावात चूल पेटली नाही. पुढं दहाव्याला पन्नासेक माणसांनी डोकी भादरली, तेराव्याला सगळ्या गावाला जेवण. मी पण धाय मोकलून रडले. यातलं काहीच खोटं नव्हतं हो. तेच तर वाईट आहे.

पुरायचं कुठं, यावर वाद झाला. काही जण म्हणत होते गावातल्या मारुतीच्या देवळामागं. आबा म्हणाले, "डोंगरात न्या, पिंपरणीखाली. रस्त्यावर नगं." आणि मी, रडून सुजलेल्या तोंडानं, सगळ्यांसमोर म्हणाले, "हितं जीव गेलाय त्याचा, हितंच ठिवा. मी दिवा लावीन रोज."

बाईमाणसानं एवढ्या मायेनं सांगितलं म्हटल्यावर सगळे विरघळले. वळणावरच, माझ्या शेडला लागून ओटा बांधला. वर शेंदूर फासलेला दगड. मी दिवा लावत गेले.

ओटा झाला की नारळ आला, नारळ आला की गाड्या थांबायला लागल्या. वडवणीची, परळीची माणसं शनिवारी मुद्दाम यायची. देवाला नारळ आणि देवाच्या लेकरांना केळी, फुटाणे, बिस्किटं, वेफरच्या पुड्या. फुटाणे माझ्याच दुकानातले. पुढून येणारी गाडी दिसत नाही असल्या वळणावर आम्ही दोन्ही बाजूंनी गाड्या लावून वानरांना केळी दाखवायला लागलो. आंधळं वळण आणि आंधळी माणसं!

तिकडं डोंगरात काय चाललं होतं ते मला उशिरा कळलं. हुप्प्या मेल्यावर पलीकडचा नर आला. आल्या आल्या त्यानं तान्ही मारली. वर्ष-दीड वर्षानं बाया पुन्हा व्यायल्या, तोवर हा नवा हुप्प्याही रस्त्यावर मेला. दुसरा ओटा. पुन्हा नवा नर, पुन्हा तान्ही मेली. मग तिसरा ओटा. म्हणजे गाडीखाली एक मरायचा आणि त्याच्यामागं सगळी पिढी जायची. आबांनी सांगितलेलं ते लई वर्षांनी एकदाचं मरण आता ओट्याओट्याला यायला लागलं. आम्ही मेलेल्या हुप्प्यासाठी डोकी भादरत होतो. मेलेल्या तान्ह्यांची कुणाला गंधवार्ता नव्हती.

दुसऱ्या ओट्यानंतरच्या शनिवारी आबा गोफण घेऊन वळणावर आले. रस्त्यावर ऐन गर्दी. त्यांनी गोफणीत दगड घातला आणि कठड्यावर वाजवला. वानरं उधळली. लोकही उधळले. मग दोघा-चौघा दांडग्यांनी त्यांना धरलं. "काय बे म्हाताऱ्या, देवाला दगुड मारतो?" गोफण हिसकावली. आबांना मानेला धरून ओट्यापुढं वाकवलं आणि दगडावर नाक घासायला लावलं. आबांनी घासलं. नाकाला शेंदूर लागला तो त्यांनी पुसलासुद्धा नाही, तसेच डोंगराकडं चालू लागले.

मी तिथंच उभी होते. फुटाण्याची पुडी बांधत होते. माझ्या बापाचं नाक घासलं आणि मी पुडीला दोरा गुंडाळत राहिले. थू माझ्या जिंदगीवर.

गोफण लोकांनी घाटात फेकली होती, ती मी दुसऱ्या दिवशी शोधून आणली. आबांना द्यायला गेले तर म्हणाले, "ठिव तुझ्यापाशीच." त्यांनी शेळ्या विकल्या आणि डोंगर सोडला. पुढं दोनेक वर्षांनी ते गेले. त्यांच्या दहाव्याला किती डोकी भादरली ते मी बोलत नाही.

आबा गेल्यावर मी फुटाणे ठेवायचे बंद केले. माझ्या शेडपलीकडं फुटाण्याचे दुसरे दोन गाडे लागले.

मग वनखात्याची एक पोरगी यायला लागली. एकटी पोरगी, स्कूटी आणि चौदा गावांचं रान. माझ्याकडं चहा प्यायची. एकदा तिनं मोबाइलवर आफ्रिकेतले गोरिला दाखवले. डोंगरातच राहतात, पालाच खातात, पाठीवर पांढरे केस आलेला एक दांडगा नर आणि त्याच्याभोवती बायका-लेकरं. तो नर मारला गेला तर नवा येऊन तान्ही मारतो, म्हणाली. "अगं बया, हितल्यावानीच की!" मी म्हटलं. तिथं बघायला येणाऱ्या माणसांना लांब उभं करतात, तोंडाला फडकं बांधायला लावतात. आपल्या सर्दीनंसुद्धा ते मरतात म्हणे. खाऊ घालायचं तर नावच नाही. एकेका कुटुंबामागं रोज राखणदार जातो. "म्हणून टिकलेत ताई ते," ती म्हणाली. मी त्या दांडग्या बापाकडं बघत राहिले. आमच्या हुप्प्याची त्याच्यापुढं काय पत्रास, पण डोळ्यांवरची ती कपाळपट्टी तशीच.

पोरीनं वळणावर बोर्ड लावला: वानरांना खाऊ घालू नये. वर वानराचं चित्र काढलं होतं, तेवढं तिचं चुकलं. आठवड्यात कुणीतरी चित्राला शेंदूर फासला, हार घातला आणि खांबाशी नारळ फोडला. पोरगी बघून हसली आणि मग हसता हसता रडायला लागली. पुढं तिची बदली झाली.

मागच्या थंडीत थोटी व्यायली. कळपात तेव्हा ते एवढंच तान्हं होतं. मावश्या म्हाताऱ्या झालेल्या, वेफर खाऊन पोटं बिघडलेली, एक-दोन तर नुसती हाडं. त्या सगळ्या मिळून त्या एका काळ्या पिल्लाला हातोहात घेऊन बसायच्या. थोटीला एकच हात, पण पिल्लू आपणच तिच्या पोटाला गच्च धरून असायचं, म्हणून तिचं निभायचं. मी ठरवलं, एवढं एक वाचवायचं. बाकी काही जमलं नाही, आबांसाठी काही केलं नाही, एवढं एक.

ट्रंकेतून गोफण काढली. रोज सकाळी गाड्या सुरू व्हायच्या आत वळणावर उभी राहायची. पहिले काही दिवस दगड माझ्याच पाठीत बसतो की काय असं व्हायचं, मग हात बसला. कठड्यावर सटकन दगड वाजायचा आणि कळप डोंगरात. मालक म्हणायचे, "अगं, लोक बघतील." बघू द्या म्हटलं. आणि उपयोग झाला की हो! महिन्याभरात वानरं दिवसच्या दिवस वरच राहायला लागली. एकदा मी वर जाऊन आले. पिंपरणीवर बसून कोवळा पाला खात होती, आणि खाली पडलेला पाला कुणा दुसऱ्याच्या शेळ्या खात होत्या. किती वर्षांनी मला बरं वाटलं.

एकटी थोटी तेवढी ऐकेना. दगड तिच्या शेजारी वाजला तरी ती पळायची नाही. कठड्यावर बसून माझ्याकडं बघायची. मग सावकाश उतरून पायरीवर यायची, पोटाला पिल्लू, आणि हात पुढं करायची. माझं भ्या तिला वाटणार कसं? मी तिला लेकरासारखं वाढवलेलं. "जा गं माय, जा की!" मी ओरडायची. एकदा दगड तिच्या पायाला लागला. तिनं पाय चाटला आणि हात तसाच पुढं ठेवला.

हनुमान जयंतीला मी गोफण काढली नाही. सकाळपासूनच वळणावर मांडव, भोंगे, माणसांचा पूर. मालकांनी हात जोडले. "आजचा दिस ऱ्हाऊ दे. आबांचं काय केलं ते इसरलीस का? तुझं बी तसंच करतील." नाही विसरले, म्हणूनच भ्याले. गोफण गल्ल्याखाली ठेवून दिवसभर चहा गाळत बसले.

दुपारी थोटी आली. एका गाडीतल्या माणसानं रस्त्याच्या पलीकडून केळं दाखवलं, अलीकडं फेकायचा त्याला कंटाळा. ती निघाली. खालून जीप आली. थोटी उडी मारून वाचली. पिल्लाची पकड सुटली.

भोंगे बंद झाले तेव्हा तिनं ते उचललंही होतं. मेलेलं पिल्लू धरत नाही, त्याला आपणच धरावं लागतं. आणि थोटीला एकच हात. त्या हातानं लेकरू धरलं की झाड चढता येईना, पाला तोडता येईना. तीन दिवस ती माझ्या शेडमागच्या उकिरड्यावर बसून होती, छातीशी ते काळं गाठोडं, माश्या घोंगावतायत. खाल्लं काही नाही. मावश्या वरनं बघायच्या, माझ्या दगडाच्या भ्यानं खाली येत नव्हत्या. तेही माझंच करणं.

माणसं तर टपूनच होती. जयंतीच्या दिवशी देवाचं लेकरू गेलं म्हणजे मोठीच गोष्ट! चौथ्या ओट्याची जागासुद्धा आखली. पण ती लेकरू देईना, कुणी जवळ गेलं की दात काढायची.

चौथ्या दिवशी सकाळी ती माझ्या पायरीवर आली. उभी राहताना झोकांड्या खात होती. माझ्याकडं बघितलं. मग लेकरू हळूच पायरीवर ठेवलं, कारण हात एकच होता, आणि तो हात माझ्यापुढं केला.

माझ्या पाठीमागं चार-पाच माणसं उभी होती. एक जण हळूच म्हणाला, "द्या बाई, फुटाणे द्या तिला. तवर आमी उचलतो."

मला कळत होतं सगळं. गोफण हाताशी होती. पण चार दिवसांची उपाशी ती, आणि साऱ्या जगात तिनं लेकरू खाली ठेवलं ते फक्त माझ्यापुढं. मालकांनी पलीकडच्या गाड्यावरून मूठभर आणून माझ्या हातात दिले. मी तिच्या तळव्यावर ठेवले. ती खाली मान घालून खायला लागली, आणि माणसांनी बाजूनं हात घालून लेकरू उचललं. हाराची पिशवी तयारच होती.

टाळ वाजायला लागले तेव्हा तिनं मान वर केली. पायरी हातानं चाचपली. खालच्या पायरीवर बघितलं, बाकड्याखाली बघितलं. मला वाटलं आता ही माझ्या अंगावर येईल, आणि खरं सांगते, यावं असंच वाटत होतं.

ती परत पायरीवर बसली आणि माझ्यापुढं हात केला. मी राहिलेले फुटाणे तिला दिले.